हृदयाचा प्रतिध्वनी : इको तपासणी काय सांगते आणि काय सांगत नाही

राबिघ परिसरातील निरनिराळ्या वसाहतींतून आज येथे जमलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

हृदयरोगावर चार शब्द बोलावेत, अशी मंडळाने मला सूचना केली. विषय फार मोठा आहे. म्हणून त्यातील एकच भाग मी निवडला आहे. तो म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, जिला आपण सर्वजण 'इको' या नावाने ओळखतो. गावाकडून आपल्या मोबाईलवर जे वैद्यकीय कागद येतात, त्यांत इकोचा अहवाल वारंवार असतो. तो कधी आईचा असतो, कधी धाकट्या बहिणीचा, तर कधी शाळकरी मुलाचा. पैसा पाठवणारा येथे असल्यामुळे निर्णयही त्यालाच विचारला जातो. परंतु त्या कागदाचा अर्थ त्याला उलगडत नाही. असा निर्णय भीतीपोटी होऊ नये, खोट्या समाधानातूनही होऊ नये. तो समजून-उमजून व्हावा, एवढाच माझ्या आजच्या भाषणाचा हेतू आहे.

फ्रेंच वैद्य लेनेक यांनी १८१६ साली स्टेथोस्कोप शोधून काढला. त्यानंतर सव्वाशे वर्षांहून अधिक काळ डॉक्टर प्रामुख्याने कानाने हृदय ओळखत होते. झडप अरुंद झाली की विशिष्ट आवाज येतो, गळू लागली की वेगळा आवाज येतो. परंतु आत प्रत्यक्ष काय घडते आहे, हा बराचसा अनुमानाचाच भाग होता. स्वीडनमधील लुंड येथील डॉक्टर इंगे एडलर यांना नेमकी हीच अडचण होती. शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाची झडप खरोखर अरुंद आहे की गळकी आहे, हे त्यांना निश्चित जाणून घ्यायचे होते. भौतिकशास्त्रज्ञ हेल्मुट हर्ट्झ यांच्या मदतीने त्यांनी १९५३ साली धडधडत्या हृदयाचा पहिला प्रतिध्वनी नोंदविला. सुरुवातीच्या प्रयोगांसाठी हर्ट्झ यांनी माल्मो येथील जहाजबांधणीच्या कारखान्यातून धातूतील दोष शोधणारे यंत्र उसने आणले होते. आपल्यापैकी जे बंधू येथील कारखान्यांत पाइपांची जाडी आणि वेल्डिंगचे सांधे ध्वनिलहरींनी तपासतात, त्यांना हे तत्त्व परके वाटणार नाही. आपण लोखंडातील भेग शोधता, आम्ही हृदयातील दोष शोधतो. तत्त्व एकच आहे.

माणसाच्या कानाला सेकंदाला सुमारे २० हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. इकोमध्ये वापरला जाणारा ध्वनी सेकंदाला वीस-तीस लाख किंवा त्याहून अधिक कंपनांचा असतो. छातीवर थोडी जेली लावून त्यावर यंत्राची मूठ टेकवली जाते. तिच्यातून निघालेला ध्वनी हृदयाच्या भिंतींवर आणि झडपांवर आदळून परत येतो. परत येण्यास किती वेळ लागला, यावरून अंतर कळते आणि पडद्यावर हलते चित्र उमटते. डॉप्लर या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने १८४२ साली मांडलेल्या तत्त्वाचा पुढे त्यात उपयोग झाला. रस्त्यावरून रुग्णवाहिका जवळ येताना तिचा भोंगा जसा चढा वाटतो आणि दूर जाताना उतरता वाटतो, तसाच फरक वाहत्या रक्तावरून परतणाऱ्या ध्वनीत पडतो. त्यावरून रक्ताचा वेग आणि दिशा कळते. या तपासणीत क्ष-किरण नसतात, सुई टोचावी लागत नाही आणि ती गरोदर स्त्रीलाही निर्धोकपणे करता येते.

आता या तपासणीने कोणते नेहमीचे आजार ओळखता येतात, ते पाहू.

पहिला मान मी संधिवाती ज्वरामुळे होणाऱ्या झडपेच्या रोगाला देतो, कारण तो मुख्यतः गरिबीचा आणि दाटीचा रोग आहे. विशिष्ट जंतूंमुळे मुलांचा घसा सुजतो. काही मुलांना दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो आणि सांधे धरतात. सांधे बरे होतात. हृदयाच्या झडपांवरील व्रण मात्र राहून जातो. एका खोलीत अनेक माणसे झोपतात, तेथे हे जंतू एका घशातून दुसऱ्या घशात सहज जातात. मुंबईतील वरळी, नायगाव आणि डिलाईल रोडच्या बीडीडी चाळींतील १६० चौरस फुटांच्या खोल्यांत आपल्या कित्येक कुटुंबांच्या पिढ्या वाढल्या. म्हणून हा रोग आपल्या घरांना अनोळखी नाही. सुधारलेल्या घरांनी आणि पेनिसिलिनने तो श्रीमंत देशांतून जवळजवळ हद्दपार केला. जागतिक आरोग्य परिषदेने २०१८ साली त्याविरुद्ध खास ठराव केला, याचाच अर्थ गरीब वस्त्यांतून तो अद्याप गेलेला नाही.

निरोगी माणसाची डावीकडील द्विदल झडप, म्हणजे मायट्रल झडप, चार ते सहा चौरस सेंटिमीटर उघडते. या रोगात तिच्या पाकळ्या एकमेकींना चिकटतात आणि ती वाट दीड चौरस सेंटिमीटर किंवा त्याहूनही कमी उरते. आपल्याकडे अशी मुलगी विहिरीवरून पाणी आणताना दमते आणि घरचे म्हणतात, "अशक्तपणा आहे." तिला टॉनिक दिले जाते. तिचे लग्न होते, दिवस राहतात. गरोदरपणी शरीरातील रक्ताचे प्रमाण जवळजवळ दीडपट होते; एवढे रक्त अरुंद झडपेतून पुढे सरकत नाही आणि ते फुप्फुसात तुंबते. काही मुलींचा आजार त्या वेळी प्रथमच उघडकीला येतो आणि तोवर दोन जीव धोक्यात आलेले असतात. लग्नापूर्वी किंवा गरोदरपणाच्या आरंभी अर्ध्या तासाची इको झाली असती, तर वेळीच उपाय करता आला असता. जपानमधील डॉक्टर इनोउए यांनी विकसित केलेल्या फुग्याच्या साहाय्याने १९८० च्या दशकापासून अशी झडप छाती न उघडता रुंद करता येते. फुगा कोणाला चालेल, कोणाला शस्त्रक्रियाच लागेल, हे ठरविण्याचा मुख्य आधार इकोच असतो.

याहून महत्त्वाची गोष्ट मुलांविषयी आहे. कंबोडिया आणि मोझांबिक येथील शाळकरी मुलांची तपासणी केली असता, स्टेथोस्कोपने जेवढे रुग्ण सापडले त्याच्या सुमारे दसपट रुग्ण इकोने सापडले, असे २००७ साली प्रसिद्ध झाले. मग युगांडामध्ये इकोवर सौम्य दोष आढळलेल्या मुलांचे दोन गट करण्यात आले. दर चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन घेणाऱ्या ३९९ मुलांपैकी दोन वर्षांत केवळ ३ मुलांचा दोष वाढला. इंजेक्शन न घेणाऱ्या ४०० पैकी ३३ मुलांचा वाढला. हे निष्कर्ष २०२१ साली जाहीर झाले. म्हणून ज्यांच्या मुलांना डॉक्टरांनी दर तीन-चार आठवड्यांचे इंजेक्शन सांगितले आहे, त्यांनी मूल बरे दिसते म्हणून ते थांबवू नये, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

दुसरा गट जन्मजात दोषांचा. हृदयाच्या पडद्याला असलेले छिद्र रंगीत डॉप्लरमध्ये स्पष्ट दिसते. काही लहान छिद्रे आपोआप बुजतात, काही बंद करावी लागतात. स्तनपान करताना घामाघूम होणारे, वजन न वाढणारे, ओठ निळे पडणारे बाळ असेल, तर इको टाळू नये.

तिसरा गट रक्तदाबाचा. वर्षानुवर्षे वाढलेल्या दाबाविरुद्ध काम करून हृदयाची भिंत जाड होते. निरोगी भिंत साधारण एक सेंटिमीटर जाडीची असते. ती त्याहून बरीच जाड झाली असेल, तर रक्तदाब दीर्घकाळ दुर्लक्षित राहिला, असा बहुधा त्याचा अर्थ होतो. उन्हात आणि पाळीत काम करणाऱ्या आपल्या बंधूंनी हे विशेष लक्षात घ्यावे.

चौथा गट हृदयाच्या दुर्बलतेचा. अहवालातील 'ईएफ' हा आकडा म्हणजे डाव्या खालच्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी प्रत्येक ठोक्याला किती टक्के रक्त बाहेर फेकले जाते, त्याचे प्रमाण. ते कोणाचेही शंभर नसते. साधारण ५५ ते ७० हे निरोगी समजले जाते. ईएफ ६० आला म्हणजे हृदय चाळीस टक्के निकामी झाले, असा समज करून घेऊन रडणारी माणसे मी पाहिली आहेत. तो आकडा ४० किंवा त्याहून खाली आला, तर मात्र औषधे नियमितपणे घेतलीच पाहिजेत. आजच्या औषधांनी आयुष्य वाढते आणि पुष्कळदा आकडाही सुधारतो.

पाचवा आजार म्हणजे हृदयाभोवतीच्या आवरणात पाणी साचणे. आपल्या देशात त्यामागे अनेकदा क्षयरोग असतो. इकोवर ते पाणी तत्काळ दिसते आणि वेळ पडल्यास ते सुईने काढून प्राण वाचविता येतात.

आता इको काय सांगत नाही, तेही ऐकावे. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या रोहिण्यांतील अडथळे साध्या इकोत दिसत नाहीत. झटका येऊन गेला असेल, तर भिंतीचा तेवढा भाग नीट हलत नाही, हे दिसते. परंतु अडथळा असूनही विश्रांतीच्या वेळी केलेली इको पूर्णपणे निर्दोष असू शकते. म्हणून चालताना छातीत दाब येत असेल, तर "गेल्या वर्षी इको चांगली होती" या समाधानात राहू नये. छातीत तीव्र दुखू लागले, तर प्रथम ईसीजी हवा. येथे ९९७ आणि महाराष्ट्रात १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. तसेच आखाती देशांत येण्यापूर्वी जी वैद्यकीय तपासणी होते, तिचा मुख्य रोख संसर्गजन्य रोगांवर असतो. छातीचा एक्स-रे आणि रक्त तपासले जाते. इको हा तिचा नेहमीचा भाग नसतो. 'फिट' हा शिक्का नोकरीसाठी आहे, हृदयाची हमी म्हणून नव्हे.

याच्या उलट, काही शब्दांना विनाकारण भिऊ नये. झडप 'किंचित' गळते, असा उल्लेख अनेक निरोगी माणसांच्या अहवालात असतो. साठीच्या पुढे हृदय किंचित ताठर झाल्याची पहिल्या श्रेणीची नोंदही फार सामान्य आहे. अशा ओळींवरून जमीन गहाण टाकून मोठ्या शहरात धाव घेण्याचे कारण नाही. अहवाल आला की डॉक्टरांना तीन प्रश्न विचारावेत : झडपा कशा आहेत, हृदयाची ताकद किती आहे, आणि या दोषामुळेच रुग्णाला त्रास होतो आहे काय? तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण उपचार माणसावर करायचा असतो, कागदावर नव्हे.

खर्चाविषयी एक शब्द. येथे खासगी क्षेत्रातील परदेशी कामगाराचा आरोग्य विमा मालकाने काढणे कायद्याने बंधनकारक आहे. आपले विमापत्र वाचून ठेवावे. महाराष्ट्रात २०१२ साली जीवनदायी योजना सुरू झाली. २०१७ पासून ती महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून ओळखली जाते आणि तीत हृदयाच्या अनेक शस्त्रक्रियांचा समावेश आहे. २०१३ साली पालघर येथून आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी आणि शाळेतील मुलांची तपासणी होते. जन्मजात आणि संधिवाती हृदयरोग त्यात समाविष्ट आहेत. सावकाराचे दार ठोठावण्यापूर्वी या योजनांची चौकशी अवश्य करावी. हा उपकार नव्हे, हक्क आहे.

बंधू-भगिनींनो, दर महिन्याला आपण घरी पैसे पाठवतो. त्याबरोबर एक प्रश्नही पाठवावा : घरात जिना चढताना दम कोणाला लागतो? आई सांगणार नाही, बहीण तर मुळीच सांगणार नाही; म्हणून तो आपणच विचारला पाहिजे. उत्तर 'होय' असे आले, तर टॉनिकच्या बाटलीऐवजी प्रथम डॉक्टरांकडे पाठवावे आणि त्यांनी सांगितल्यास इको करून घ्यावी.