राखणीचा खर्च कोणी द्यायचा?



निसर्गासाठी देणगी मागितली की आपल्याकडे बहुतेकांच्या डोळ्यांपुढे रोपे येतात. खड्डा खणला, रोप लावले, फोटो निघाला की काम झाले. माझे म्हणणे असे, की देणगी द्यायची तर आधी राखण करणाऱ्या माणसाच्या मानधनाला द्यावी. मंडणगड तालुक्यातले वेळास पाहा. ऑलिव्ह रिडले कासवाला कायद्याचे संरक्षण होतेच, तरीही किनाऱ्यावरची अंडी चोरीला जात, कुत्री-कोल्हे उकरून खात. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने ग्रामस्थांना सोबत घेऊन घरटी राखायला सुरुवात केली. हे काम कमालीच्या चिकाटीचे आहे. पहाटे किनारा पायी तुडवायचा, मादीचा वाळूतला माग ओळखायचा, शंभर-सव्वाशे अंडी अलगद काढून कुंपणातल्या हॅचरीत तेवढ्याच खोल खड्ड्यात ठेवायची आणि वर तारखेची पाटी लावायची. पुढे दीड-दोन महिने पहारा. दिवस भरले की घरट्यावर टोपली पालथी घालायची आणि पिल्ले बाहेर आली का, हे सकाळ-संध्याकाळ ती उचलून पाहायचे. यातला एकही दिवस चुकवून चालत नाही, आणि अशा कामाचा फोटो सहसा कोणी काढत नाही.

कोणी म्हणेल, हे सरकारचे काम. आहेच, आणि वनखाते आज त्यात आहे. पण सरकारी पैसा बहुधा काम उभे राहिलेले दिसल्यावर येतो. तोवरची वर्षे कोणीतरी निभावून न्यावी लागतात. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: माणसे अडचणीत असताना कासवांवर खर्च का? वेळासमध्ये २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला, पाहुणे गावकऱ्यांच्याच घरी उतरू लागले, आणि राखणीतून गावाच्या चुलीलाही हातभार लागला. शिवाय टोपली उचलताना पाहणाऱ्या मुलाला जे कळते, ते पर्यावरणाच्या प्रकल्पवहीत चित्रे चिकटवून कळणार नाही. पैसा नीट वापरला जाईल का, ही शंका मात्र रास्त आहे. म्हणून हिशेब मागावा. तो देणगीदाराचा हक्कच आहे.

तेव्हा या महाविद्यालयाला माझी विनंती: जवळचा एक किनारा, एखादी देवराई किंवा पाणथळ जागा निवडा, तिथल्या राखणदारासाठी दरवर्षी ठराविक रक्कम द्या, आणि तिचा हिशेब सूचना फलकावर लावा.