दहा राग आणि एक डबा

आज एका ध्वनिमुद्रिकेविषयी बोलायचे आहे. खरे म्हणजे तिच्यापेक्षा आपल्या कानांविषयीच अधिक.

चरणजित सिंग हे मुंबईतले वादक. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात गिटार वाजवणारे, कामात मुरलेले. १९८२ साली त्यांनी तीन जपानी विद्युतयंत्रे जोडली. एक ताल धरणारे, एक खर्जाचे स्वर फिरवीत राहणारे आणि एक पेटीसारख्या पट्ट्यांचे, ज्याला सिंथेसायझर म्हणतात. त्यांवर भैरव, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग वाजवले आणि खाली डिस्कोचा ठेका धरला. एच. एम. व्ही.ने तबकडी काढली. पण तिची फारशी दखल कोणी घेतली नाही.

पुढे १९८७ साली अमेरिकेत, शिकागो शहरातल्या तरुणांनी त्याच खर्जाच्या यंत्रातून नाचाचे एक नवे संगीत काढले. त्याला 'ॲसिड हाउस' म्हणतात. ते जगभर गाजले. २०१० साली हॉलंडमधल्या एका संग्राहकाने आपल्या मुंबईची ती विसरलेली तबकडी पुन्हा प्रसिद्ध केली, आणि ऐकणारे थक्क झाले! कोणी म्हणाले, हे तर शिकागोच्या आधीचे! कोणी म्हणाले, ही थाप आहे. आजच कोणी तरी करून वर जुने साल घातले आहे. दोन्ही मतांत माप शिकागोचेच. राग बिचारा बाजूला राहिला.

म्हणून मी ठरवले, आपली माणसे काय म्हणतात ते पाहू. नामदेवरायांच्या नर्सीजवळच्या एका गावात एकादशीचे भजन आटोपल्यावर मंडळी पारावर बसली होती. मी तिथे हे वादन लावले. पहिलाच भैरव. एक म्हातारे विणेकरी लगेच म्हणाले, "मास्तर, भैरव सकाळचा. दिवेलागणीला कशाला उठवला त्याला?" चूक माझीच होती. मग मालकंस लावला. ते डोळे मिटून ऐकत राहिले आणि म्हणाले, "राग वळखू येतो. पण घरचं माणूस परक्या कपड्यांत भेटावं, तसं वाटतंय."

शाळेतल्या गुरुजींना ठेका रुचला नाही. चारी ठोके सारखेच. सम कोणती, खाली कोणती, ते कळत नाही, असे त्यांचे म्हणणे. एका विद्यार्थिनीला मात्र तोच ठेका आवडला. ती म्हणाली, "सर, रागाचं नाव ऐकलं की आम्हांला झोप येते. आज नाही आली."

पखवाजवाले काका शेवटपर्यंत गप्प होते. निघताना एवढेच बोलले, "हा डबा दमत नाही, जेवायला मागत नाही. मग आम्हांला कोण बोलावील?"

श्रोतेहो, याला माझ्याजवळ चटकन उत्तर नव्हते. लग्नाच्या वरातीतून वाजंत्री कसे मागे पडले, हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे.

पण दुसरी बाजूही सांगतो. आज जिच्यावाचून आपले भजन उभे राहत नाही, ती पेटी युरोपातून आलेली. १९४० साली याच नभोवाणीने पेटीवर बंदी घातली होती आणि ती सुमारे तीस वर्षे टिकली. कारण काय? पेटीचे स्वर ठरलेले. तिला मींड काढता येत नाही. कारण खोटे नव्हते. तरी पेटी राहिली, कारण गावोगावच्या गळ्यांना तिचा आधार झाला. आणि गंमत पहा, ज्या मींडेसाठी पेटी अडली, तिच्या जवळपास जाणारी सोय, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची, त्या खर्जाच्या डब्यात आहे!

तेव्हा नवे काही कानांवर आले तर काय करावे? आधी ते पुरते ऐकावे. मग काय आवडले, काय खटकले, ते नेमके सांगावे. आमच्या पारावर तसेच झाले. विणेकऱ्यांनी वेळ सांगितली, गुरुजींनी सम सांगितली, मुलीने आपला ओढा सांगितला. "हे संगीतच नव्हे" असे कोणीही म्हटले नाही. चरणजित सिंग यांना असे श्रोते मिळायला अठ्ठावीस वर्षे लागली. उतारवयात त्यांनी युरोपात कार्यक्रम केले आणि २०१५ साली ते वारले.

राहिला काकांचा प्रश्न. शिक्षक बंधुभगिनींनो, तो मी तुमच्यावर सोपवतो. आठवड्याचा एक तास गावच्या पखवाजवाल्याला शाळेत बोलवा. मुलांना सम कुठे येते ते हाताने मोजू द्या. मग खुशाल डबाही ऐकवा. ज्याला सम ठाऊक आहे, त्याला डब्यात काय आहे आणि काय नाही, ते आपोआप कळेल. आणि काकांना बोलावणारेही कोणी तरी उरेल.