डोळा की डोया?

नमस्कार मंडयी! हो, मंडयीच. मी अकोल्याचा, कॉलेज अमरावतीत. आमच्याकडे डोळ्याचा 'डोया' होतो, केळ्याचं 'केयं'. पुण्यात इंटरव्ह्यूला तोंडातून 'शाया' निघालं, की समोरचा गालात हसतो. म्हणे जीभ जड आहे. काही जड नाही बाप्पा!

'ळ' म्हणताना जिभेचं टोक मागे वळून टाळूला लागतं. 'य'ला टोक खालीच राहतं, मधला भाग वर उठतो. दोन्ही हुकूम मेंदूच देतो, आणि दोन्ही जिभेपर्यंत येतात ते मेंदूतून निघणाऱ्या नसांच्या 12व्या जोडीतून. कधी काय हलवायचं, हा हिशोब लहान मेंदू ठेवतो. आपण सेकंदाला 10-15 ध्वनी काढतो. प्रत्येक ध्वनी कानानं ऐकून मग सुधारायला वेळच कुठाय? म्हणून लहानपणापासून घोटलेली हालचाल मेंदू आधीच तयार ठेवतो. सावकाश वाचताना माझा 'ळ' बरोबर येतो, राग आला की सरळ, "डोये काहून वटारतं बे?"

'ळ' पाहिजेच असेल, तर रोज थोडं मोठ्यानं वाचा. आधी सावकाश, मग वेग वाढवा. जुनी हालचाल पुसली जात नाही, तिच्या शेजारी नवी बसते. आजीचा फोन आला, की मी परत 'केयं'वर.