ओठांवरचा क्रम आणि उमजलेला क्रम

(धम्मवर्गातील व्याख्यानाचा सारांश)



आपल्याकडे चार-पाच वर्षांचे मूल पंचशील म्हणते. त्याला पाली कोणी शिकविलेली नसते. मोठ्यांच्या सुरात सूर मिसळता मिसळता क्रम त्याच्या जिभेवर बसतो. पण त्यालाच विचारा, "चौथे शील कोणते?" ते 'पाणातिपाता'पासून सुरू करते, बोटे मोजते आणि मग 'मुसावादा'वर थांबते. मोठ्यांपैकीही अनेकांचे असेच होते.

१९८७ साली अमेरिकेत निस्सेन आणि बुलेमर यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. चार जागांपैकी एका जागी दिवा लागे. त्याखालचे बटण दाबायचे. दिवे दहा-दहाच्या ठरावीक क्रमाने लागत, हे सांगितलेले नव्हते. सरावाने लोकांची बोटे वेगवान झाली. कोर्साकॉफ विकाराने स्मृती गेलेल्या रुग्णांचाही वेग वाढला, आणि असा काही क्रम आहे याचा त्यांना पत्ताही नव्हता! म्हणजे क्रम करून दाखविणे आणि सांगता येणे ही दोन वेगळी ज्ञाने आहेत. (आम्हा बँकवाल्यांना पासवर्ड आठवायचा तर हवेत बोटे हलवावी लागतात. तो सांगायचा नसतो, हा भाग निराळा.)

पहिल्या ज्ञानाला पोपटपंची म्हणून हिणवू नये. इ. स. पूर्व पहिल्या शतकात श्रीलंकेत त्रिपिटक लिहिले जाईपर्यंत दीघभाणक, मज्झिमभाणक अशा भिक्खूंनी बुद्धवचन मुखोद्गत ठेवूनच जतन केले. सामूहिक पठणात एकाचा शब्द चुकला की शेजाऱ्याच्या कानाला खटकतो.

परंतु प्रतीत्यसमुत्पादाच्या बारा कड्या नुसत्या जिभेवर ठेवून भागत नाही. संयुत्तनिकायाच्या निदानवग्गात बोधिसत्त्व शेवटापासून मागे जातात : जरामरण कशामुळे? जातीमुळे. (ही जाती म्हणजे जन्म, आपल्याला छळणारी जात नव्हे.) जाती कशामुळे? भवामुळे. असे मागे मागे जाताना चाल मदतीला येत नाही, प्रत्येक कडीचे कारण ठाऊक असावे लागते.

आपल्या तोंडी परीक्षेत घडाघडा म्हणणाऱ्याला पैकीच्या पैकी गुण मिळतात आणि मधूनच विचारल्यावर अडखळणारी मुलगी नापास होते. हे मला पटत नाही. लहान गटाला सुरुवातीपासून म्हणू द्यावे, बोटे मोजू द्यावीत. दहावीच्या पुढील विद्यार्थ्यांना मात्र 'तण्हा' ही कडी द्यावी आणि विचारावे, हिच्या आधी काय आणि का? 'वेदना' हे उत्तर तो कदाचित पहिल्यापासून मोजून काढील. 'का' मात्र मोजून निघणार नाही. कार्यकारिणीने येत्या परीक्षेपासून याचा विचार करावा, ही विनंती.

जयभीम! नमो बुद्धाय!