तुला कोणी सांगितलं?

(१९७७ च्या दहावीच्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी फोनवर विषय दिला तो असा : ‘गुप्तहेर खात्यातले थरारक अनुभव’. मी म्हटलं, थरारक काही नाही रे बाबा. तर म्हणाले, असेल ते सांग, पण जेवणाच्या आधी संपव.

म्हणून सुरुवातीलाच एक अडचण सांगून टाकतो. मी निवृत्त झालो त्याच वर्षी, २०२१ साली, केंद्र सरकारने पेन्शनच्या नियमांत दुरुस्ती केली. गुप्तवार्ता आणि सुरक्षा खात्यांतून निवृत्त झालेल्या माणसाला आपल्या खात्याच्या कामाविषयी आधी परवानगी घेतल्याशिवाय काही छापता येत नाही. हे भाषण स्मरणिकेत छापलं जाणार आहे. तेव्हा आज मी जे प्रसंग सांगेन ते सगळे छापील अहवालांतले, पुस्तकांतले, वर्तमानपत्रांतले आहेत. माझं त्यात आहे ते फक्त मत.

माझा स्वतःचा हिशेब थोडक्यात देतो. दहावीनंतर नाशिकला कॉलेज, इतिहासात एम. ए., मग स्पर्धा परीक्षा, आणि गुप्तवार्ता खात्यात ३४ वर्षं. त्यातली तीन वर्षं प्रतिनियुक्तीवर एका सुरक्षा-अभ्यास संस्थेत काढली. आता विद्यापीठात संरक्षणशास्त्राच्या मुलांना शिकवतो, तासिका तत्त्वावर. दिल्लीत कोणालाही गाव सांगितलं की समोरचा हमखास म्हणायचा, ‘हां हां, तोफखान्याचं!’ त्याला देवळाली वाटायचं. पहिली दोन-तीन वर्षं मी दुरुस्त करत होतो. नंतर सोडून दिलं.

तुमच्यातले बरेच जण सुट्टीत भेटले की विचारायचे, ‘तू दिल्लीले काय करस रे भो?’ मी सांगायचो, कागद वाचतो. तुम्हाला वाटायचं टाळतोय. पण ते खरंच होतं. आई शेजारणींना सांगायची, ‘मना पोऱ्या सरकारी कचेरीमा शे.’ तिला याच्यापलीकडे कधी काही कळलं नाही, आणि तिने विचारलंही नाही. घरच्यांना काही सांगायचं नसतं याची सवय होते. पण ती सवय ऑफिस सुटल्यावर सुटत नाही, आणि त्याचा त्रास आपल्यापेक्षा घरच्यांना जास्त होतो. असो.

आता काम काय असतं ते सांगतो, आणि त्यासाठी दिल्लीला जायची गरज नाही. आपला एक वर्गमित्र उमराण्याच्या मार्केटमध्ये कांद्याचा व्यापार करतो. तिसऱ्या रांगेत बसलाय, नाव घेत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये त्याच्यासमोर प्रश्न असतो : कसमाद्यात चाळींमध्ये उन्हाळ कांदा किती शिल्लक आहे? त्यावर पुढच्या दोन महिन्यांचा भाव ठरतो. शेतकरी सांगतो, माल संपत आला. कारण भाव चढायला हवा. दुसरा व्यापारी सांगतो, चाळी भरलेल्या आहेत. कारण भाव पडायला हवा. ट्रकवाल्याला दोन्हीकडून फायदा नाही, पण त्याने पाहिलाय फक्त रस्ता. आमचा हा मित्र सगळ्यांचं ऐकून घेतो आणि मग स्वतः चार गावांत जाऊन चाळीत हात घालतो, खालच्या थरातला कांदा काढतो, वास घेतो. वरचा कांदा चांगलाच दिसतो, सड खाली असते.

गुप्तवार्तेचं निम्मं काम एवढंच आहे. सांगणारा कोण, त्याला यातून काय मिळणार, आणि मुळात हे त्याला कळलं कसं? तिसरा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा आणि तोच विचारायचा राहून जातो. पाच माणसं पाच ठिकाणांहून एकच गोष्ट सांगतात तेव्हा आपल्याला वाटतं बातमी पक्की झाली. पण पाचही जणांनी ती एकाच टपरीवर ऐकलेली असू शकते. मग तो पुरावा एकच असतो, फक्त पाच वेळा मोजलेला.

हे मी वर्गात शिकवतो तेव्हा मुलांना सरहद्दीवरची उदाहरणं हवी असतात. मी त्यांना राईनपाडा सांगतो. इथून सटाणा, ताहराबाद करत पिंपळनेरकडे गेलात की साक्री तालुक्यातलं ते गाव. १ जुलै २०१८, रविवार, बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं भिक्षा मागायला तिथे आली होती. त्या आधी काही आठवडे मुलं पळवणाऱ्या टोळीचे निरोप मोबाइलवरून सगळीकडे फिरत होते. त्या पाच जणांना जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत नेऊन जीव जाईपर्यंत मारलं. त्याच रात्री मालेगावात अशाच जमावाच्या तावडीतून पोलिसांनी एक कुटुंब वाचवलं. म्हणजे एकाच दिवशी, आपल्या दोन बाजूंना.

त्या जमावातल्या प्रत्येकाकडे ‘माहिती’ होती. एकाच्या मोबाइलवर आलेली, दुसऱ्याला मेहुण्याने पाठवलेली, तिसऱ्याने बाजारात ऐकलेली. सगळ्या दिशांनी आली म्हणून ती खरी वाटली. अमुक गावातलं अमुक मूल पळवलं, असं नाव-गाव कोणाकडेच नव्हतं. ‘तुला कोणी सांगितलं?’ हा प्रश्न त्या बाजारात दहा जणांनी मोठ्याने विचारला असता तर काय झालं असतं, याचा विचार मी अजून करतो. मी आयुष्यभर ज्या कामाचा पगार घेतला ते काम त्या दिवशी तिथे लागत होतं, आणि ते कुठल्याही सरकारी खात्याने करण्यासारखं नव्हतंच. तिथे उभ्या असलेल्या माणसानेच ते करायचं होतं.

दुसरं निम्मं काम म्हणजे तुकडे जोडणं. कारगिल आठवा. १९९९. आपला देवळा कळवणपासून वेगळा होऊन स्वतंत्र तालुका झाला तेच वर्ष. मे महिन्याच्या सुरुवातीला ताशी नामग्याल नावाचा एक गुराखी हरवलेला याक शोधत डोंगरावर गेला आणि त्याला परकी माणसं दिसली. त्याने खाली येऊन सैन्याला सांगितलं. युद्धानंतर सरकारने के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल, काही भाग वगळून, छापून प्रसिद्ध झाला. तो वाचला की कळतं, माहितीचे तुकडे निरनिराळ्या खात्यांकडे येत होते. पण ते एका टेबलावर मांडून ‘याचा एकत्र अर्थ काय?’ असं विचारण्याची नीट व्यवस्था नव्हती. त्या अहवालानंतर बऱ्याच गोष्टी बदलल्या, नव्या यंत्रणा उभ्या राहिल्या.

याउलट १९६२. चीनकडून पराभव का झाला याची लष्कराने चौकशी केली. हेंडरसन ब्रूक्स यांचा तो अहवाल १९६३ मध्ये तयार झाला. सरकारने तो आजतागायत प्रसिद्ध केलेला नाही. २०१४ मध्ये एका परदेशी पत्रकाराने त्यातला काही भाग जगासमोर ठेवला, आणि आमचे विद्यार्थी आपल्याच सैन्याचा इतिहास त्याच्या कृपेने वाचतात. माझं मत स्पष्ट आहे : साठ वर्षांनंतर त्यातून शत्रूला काही मिळणार नाही, आपल्या मुलांना मात्र पुष्कळ मिळेल.

आता इथे आपल्या जिल्ह्याचा संबंध येतो, आणि तो इथल्या बऱ्याच जणांना माहीत नसावा. त्या पराभवानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री’ हे आपण सगळ्यांनी निबंधात लिहिलंय. ते लोकसभेवर निवडून गेले ते नाशिकमधून, १९६३ च्या पोटनिवडणुकीत, बिनविरोध. मग ओझरला मिग विमानांचा कारखाना आला. आपल्यातल्या तिघांनी तिथे नोकरी केली, ते मला सांगायला नको. पण चव्हाणांनी आणखी एक गोष्ट केली. नोव्हेंबर १९६५ मध्ये त्यांच्या पुढाकाराने दिल्लीत संरक्षण अभ्यास आणि विश्लेषण संस्था सुरू झाली. सरकारी फाइलच्या बाहेर बसून सुरक्षेचा विचार करणारी माणसं देशाला हवीत, हे युद्ध हरल्यानंतर तीन वर्षांत एका राजकारण्याला सुचलं. ते सुब्रह्मण्यम पुढे तिथेच संचालक होते. आता त्या संस्थेला मनोहर पर्रीकरांचं नाव आहे.

चव्हाणांचे त्या वेळचे खासगी सचिव होते राम प्रधान. हेच प्रधान पुढे केंद्रीय गृहसचिव झाले, आणि ऐंशी वर्षांचे असताना २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्याची चौकशी महाराष्ट्र सरकारने त्यांच्याकडे सोपवली. त्यांच्यासोबत होते व्ही. बालचंद्रन, महाराष्ट्र पोलिसांतले आणि नंतर परदेशी गुप्तवार्तेत काम केलेले. समुद्रातून हल्ला होऊ शकतो, मोठी हॉटेलं लक्ष्य असू शकतात, असे इशारे आधी आलेले होते. पण ‘हल्ल्याची शक्यता आहे’ असं लिहिलेला कागद पोलीस ठाण्याच्या टेबलावर आला की ठाणेदाराने काय करायचं? अशा कागदांचा ढीग असतो. प्रत्येकात शक्यता असतेच.

हा शब्दांचा घोळ जुना आहे. शर्मन केंट म्हणून अमेरिकेत येल विद्यापीठात इतिहासाचे प्राध्यापक होते. दुसऱ्या महायुद्धात गुप्तवार्तेच्या कामात आले आणि पुढे सीआयएत अंदाज बांधणाऱ्या विभागाचे प्रमुख झाले. १९५१ मध्ये युगोस्लाव्हियावर हल्ला होण्याची ‘गंभीर शक्यता’ आहे असा अहवाल त्यांच्या विभागाने दिला. नंतर त्यांनी तो लिहिणाऱ्या सहकाऱ्यांनाच विचारलं, म्हणजे शंभरात किती? कोणी वीस म्हणालं, कोणी ऐंशी. वाक्य एकच, सह्या सगळ्यांच्या!

मी वर्गात हाच खेळ मराठीत खेळतो. ‘शक्यता नाकारता येत नाही’ हे वाक्य फळ्यावर लिहितो आणि चिठ्ठीवर आकडा लिहायला सांगतो. चिठ्ठ्या उघडल्या की मुलं एकमेकांकडे बघत राहतात. मग त्यांना हवामान खात्याची भाषा दाखवतो. ‘तुरळक ठिकाणी पाऊस’ या शब्दांना तिथे ठरलेलं माप आहे : पंचवीस टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस. ‘काही ठिकाणी’ म्हणजे त्याहून जास्त, पन्नासपर्यंत. आपण शेतकऱ्याची पोरं, आयुष्यभर रेडिओवर ते ऐकून हसलो, की हे काय, पडला तरी खरं आणि नाही पडला तरी खरं. पण माप ठरवून बोलणारं ते बहुधा एकमेव सरकारी खातं असेल. आमच्या अहवालांची भाषा तशी व्हावी असं मला नेहमी वाटत आलं.

विद्यापीठात येणारी पोरं बरीचशी आपल्यासारखीच, तालुक्याच्या गावांतली. पोलीस भरती, सैन्यभरती, स्पर्धा परीक्षा यांच्या रांगेत उभी असलेली. त्यातली सगळी गुप्तवार्तेत जाणार नाहीत, जायची गरजही नाही. पण त्यातलाच कोणी उद्या एखाद्या बाजाराच्या गावात फौजदार असेल, कोणी ग्रामसेवक, कोणी शिक्षक.

आपल्या इतिहासाच्या सरांना आठवतंय का माहीत नाही, पण नववीत तुम्ही एकदा आम्हाला पुस्तकातलं एक वाक्य दाखवून विचारलं होतं, ‘हे लिहिणारा तेव्हा तिथे हजर होता का?’ वर्गात कोणाला उत्तर आलं नाही. सर, पुढची ३४ वर्षं मी त्याच प्रश्नावर पोट भरलं.

शेवटी कामाचं बोलतो. माझ्याजवळची पुस्तकं दोन खोक्यांत भरून आणली आहेत, ती शाळेच्या वाचनालयात दिली आहेत. कारगिल अहवालाची प्रत त्यात आहे. मुख्याध्यापकांकडे दहावीच्या वर्गाचा महिन्यातून एक तास मागितला, त्यांनी तो दिला. मुलांनी मोबाइलवर आलेला एक निरोप लिहून आणायचा, आणि तो कोणाकडून आला, त्याला कोणाकडून आला, असं मागे मागे जायचं. जिथे वाट बुजते तिथे थांबायचं आणि वहीत लिहायचं, ‘इथपर्यंत कळलं.’ पहिला तास उद्या आहे. तुमच्यापैकी जे मुक्कामी आहेत त्यांनी मागच्या बाकावर येऊन बसायला हरकत नाही, तुमची जागा तीच होती.

प्रश्न असतील तर विचारा. पिस्तूल होतं का, हे तिघांनी सकाळी नाश्त्यालाच विचारलं. नव्हतं. टाइपरायटर होता, आणि त्याची पट्टी वेळेवर मिळायची नाही.