चुलीचा धूर आणि आजीची आठवण

(टोकावडे येथे तरुणांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



घरातलं म्हातारं माणूस विसरायला लागलं की 'साठी बुद्धी नाठी' म्हणून आपण मोकळे होतो. कुणी ताईतही बांधतं. नमाजात किती रकात झाल्या हे एखाद्या वेळी चुकणं वेगळं. पण चाळीस वर्षं ज्या मशिदीत गेलो तिचाच रस्ता चुकणं हा आजार आहे. त्याला डिमेन्शिया म्हणतात. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार भारतात साठीपुढच्या 7.4 टक्के लोकांना, म्हणजे सुमारे 88 लाख माणसांना तो आहे. खेड्यात जास्त, बायकांत जास्त.

आता हवेकडे येतो. तुम्ही म्हणाल, माळशेजच्या वाटेवरचं आपलं गाव, इथे कसलं प्रदूषण? पण उन्हाळ्यात राब भाजतात, तालुक्यात वीटभट्ट्या आहेत, कल्याण-नगर रस्त्यावर ट्रक आहेत. आणि घरात चूल. धुरातले सगळ्यात बारीक कण, पीएम 2.5, केसाच्या जाडीच्या विसाव्या हिश्शाहूनही लहान असतात. ते फुफ्फुसातून रक्तात उतरतात, रक्तवाहिन्या बिघडवतात. काही तर नाकातल्या वासाच्या नसेवाटे मेंदूपर्यंत पोचू शकतात. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, हवेत या कणांची वर्षाची सरासरी घनमीटरमागे 5 मायक्रोग्रॅमच्या वर नको. आपल्या देशाची मर्यादा 40 आहे! तेव्हा 'हवा मर्यादेत आहे' एवढं ऐकून निर्धास्त होऊ नका.

धूर घेतला की डिमेन्शिया होणारच, असं नाही. धोका वाढतो. 2020 मध्ये लॅन्सेट आयोगाने टाळता येण्याजोग्या बारा कारणांत हवेचं प्रदूषण धरलं. लहानपणी शिक्षण न मिळणं हेही त्याच यादीत आहे. आपल्या दादी-नानींच्या वाट्याला दोन्ही आलं. शाळा नाही, आणि फुंकणी मात्र जन्मभर.

2016 पासून उज्ज्वला योजनेचे सिलिंडर आले, पण भरायला पैसे लागतात आणि लाकूड रानात फुकट मिळतं. त्यामुळे चहा गॅसवर, भाकरी चुलीवर. ही अडचण खरी आहे, मी ती हसण्यावारी नेत नाही. पण मोबाईलचा रिचार्ज संपला तर आपण संध्याकाळपर्यंत थांबत नाही, हेही खरं. चूल ठेवायचीच असेल तर पडवीत घ्या, आणि ती पेटवायला प्लास्टिक वापरू नका.

आणि कुणी विसरत असेल तर आधी दवाखान्यात न्या. बी-12 कमी असलं किंवा थायरॉईड बिघडला तरी माणूस विसरतं, आणि त्यावर औषध आहे.