खोडदची शांतता

(चिंचवड येथील व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



मी कलाशाखेचा पदवीधर आहे. समोर बसलेल्यांपैकी निम्म्या मंडळींचे आयुष्य यंत्रांच्या सहवासात गेले आहे, आणि मी आज आपल्याशी कृष्णविवरांविषयी बोलायला उभा आहे. हा आगाऊपणा मी का करतो आहे, ते बोलण्याच्या ओघात स्पष्ट होईल.

आपल्या भोसरीहून निघणारा नाशिक रस्ता चाकण, राजगुरुनगर, मंचर मागे टाकीत नारायणगावला पोहोचतो. तेथून आत वळले की खोडद. प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या सुमारे 25 किलोमीटरच्या परिसरात विखुरल्या आहेत. जीएमआरटी ही डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून साकारलेली रेडिओ दुर्बीण. ती याच मुलखात का उभी राहिली? कारणे अनेक आहेत, परंतु एक महत्त्वाचे कारण म्हणजे येथील रेडिओ-शांतता. चाकणच्या गोंगाटाशी तिचे जे नाते आहे, तोच माझा आजचा विषय.

प्रथम कृष्णविवराविषयी. वस्तुमान इतके दाबले जावे की त्यातून प्रकाशही निसटू नये, अशी ही अवस्था. आपली सारी पृथ्वी दाबून एखाद्या बोराएवढी केली तर तिचे कृष्णविवर होईल. आइन्स्टाईन यांनी 1915 मध्ये व्यापक सापेक्षता सिद्धांत मांडला आणि पुढच्याच वर्षी गुरुत्वीय लहरींचे भाकीत केले. पुढे कित्येक दशके हे सारे कागदावरचे गणितच राहिले. त्या गणितात आपल्या माणसांचा हात होता, हे आपण फार क्वचित आठवतो. कोल्हापूरचे विष्णु वासुदेव नारळीकर काशी हिंदू विश्वविद्यालयात हा विषय शिकवीत. त्यांच्या सहवासात प्रल्हाद चुनीलाल वैद्य या तरुणाने 1943 मध्ये किरणोत्सर्जन करणाऱ्या ताऱ्याच्या गुरुत्वाकर्षणाचे समीकरण मांडले. बाहेर महायुद्ध पेटलेले होते. ‘वैद्य मेट्रिक’ या नावाने ते आजही जगभर वापरले जाते.

विष्णुपंतांचे चिरंजीव जयंतराव यांची एक आठवण सांगण्याचा मोह आवरत नाही. 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथा स्पर्धा घेतली. नावाचा प्रभाव परीक्षकांवर पडू नये म्हणून जयंतरावांनी ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने कथा धाडली. स्वतःची आद्याक्षरे त्यांनी उलटी केली होती. हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती मंगलाताईंकडून लिहवून घेतली. कथेचे नाव होते ‘कृष्णविवर’, आणि पहिले पारितोषिक तिलाच मिळाले. मराठी घरांतल्या कित्येकांनी हा शब्द प्रथम त्या कथेतून ऐकला असेल. 1988 मध्ये त्यांच्याच पुढाकाराने गणेशखिंडीत ‘आयुका’ उभी राहिली. 20 मे 2025 रोजी जयंतराव गेले.

आयुकातील ज्या कामाविषयी मला सांगायचे आहे, ते मात्र डॉ. संजीव धुरंधर यांचे आहे. गुरुत्वीय लहर पृथ्वीवर येईपर्यंत इतकी क्षीण होते की चार किलोमीटर लांबीच्या भुजेत तिच्यामुळे होणारा फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या शंभराव्या भागाहूनही कमी असतो. आपण मायक्रॉन मोजणारी माणसे आहोत. हे परिमाण किती पलीकडचे आहे, याची कल्पना आपल्याला माझ्यापेक्षा अधिक नेमकी येईल. बरे, यंत्र तर क्षणोक्षणी थरथरत असते: जमीन हलते, मालमोटार जाते, वारा सुटतो. या गदारोळातून तो क्षीण सूर वेगळा काढायचा कसा? एखाद्या शेडमध्ये पन्नास यंत्रे धडधडत असताना जुना फिटर थबकतो आणि म्हणतो, “त्या तिसऱ्या लेथचे बेअरिंग गेलेय.” खराब बेअरिंगचा आवाज त्याच्या कानात आधीच बसलेला असतो, म्हणून त्याला ते कळते. धुरंधर आणि त्यांचे सहकारी सत्यप्रकाश यांनी 1991 मध्ये नेमके हेच गणितात बसविले. कृष्णविवरे एकमेकांभोवती घिरट्या घालीत आदळताना कोणता सूर निघेल, त्याचे असंख्य नमुने सिद्धांतावरून आधी तयार ठेवायचे आणि आलेली नोंद एकेका नमुन्याशी ताडून पाहायची. लहर सापडण्याच्या चोवीस वर्षे आधीचे हे काम आहे!

14 सप्टेंबर 2015 रोजी अमेरिकेतील लायगोच्या दोन्ही यंत्रांनी तो सूर टिपला. सुमारे 130 कोटी प्रकाशवर्षांवरची दोन कृष्णविवरे एक झाली होती, आणि तीन सूर्यांइतके वस्तुमान लहरींच्या रूपाने विश्वात पसरले होते. अवघा 0.2 सेकंदांचा खेळ. नमुन्यांशी ताडून पाहण्याच्या पद्धतीनेच त्या नोंदीचा भक्कम निर्वाळा मिळाला. तसेच यंत्र आता आपल्या हिंगोली जिल्ह्यात, नागनाथाच्या औंढ्याजवळ व्हायचे आहे. तत्त्वतः मान्यता फेब्रुवारी 2016 मध्ये मिळाली; 2,600 कोटी रुपयांच्या खर्चाला मंत्रिमंडळाची मंजुरी मात्र एप्रिल 2023 मध्ये. मध्ये सात वर्षे गेली. हा विलंब मला खटकतो, आणि तो येथे बोलून दाखवायला हवा.

खोडदच्या दुर्बिणीने दुसरा मार्ग धरला. पल्सार हे आकाशातले नेमके घड्याळ. त्याचे ठोके किंचित मागेपुढे पडले तर मधून लहर गेली असावी. अशा रीतीने भारतीय व युरोपीय शास्त्रज्ञांनी मिळून जून 2023 मध्ये महाकाय कृष्णविवरांच्या जोड्यांकडून येत असाव्यात अशा, वर्षानुवर्षांच्या आवर्तनाच्या लहरींची चाहूल जाहीर केली. पूर्ण शिक्कामोर्तबाइतका तो पुरावा नव्हता, ठोस संकेत मात्र होता.

आता अडचणीचा भाग. पुणे-नाशिक अर्धद्रुतगती रेल्वेचा मूळ मार्ग चाकण, राजगुरुनगर, नारायणगावावरून होता. विजेवर धावणाऱ्या गाडीच्या ठिणग्यांतून रेडिओ लहरी उठतात. दुर्बिणीला बाधा येईल म्हणून मार्ग बदलण्याची भूमिका रेल्वे मंत्रालयाने घेतली. खेड, आंबेगाव, जुन्नरकडची माणसे त्यामुळे नाराज आहेत आणि त्यांची नाराजी खोटी नाही. चाकणच्या कोंडीत रोज दोन तास अडकणाऱ्या कामगाराला दूरच्या कृष्णविवरांसाठी थांब, असे कोणत्या तोंडाने सांगावे? मी स्वतः दुर्बिणीच्या बाजूचा आहे. रेल्वेला वळसा घालता येतो, एकदा गेलेली शांतता विकत घेता येत नाही. परंतु त्या तालुक्यांना दळणवळणाचा दुसरा चांगला पर्याय देण्याचे ऋण सरकारच्या डोक्यावर राहते. ते फेडल्यावाचून हा निर्णय न्याय्य म्हणता येणार नाही.

विज्ञान दिनाच्या सुमारास, 28 फेब्रुवारीला, खोडदला प्रदर्शन भरते. मुलांना घेऊन अवश्य जा. चाकणचा चौक एकदा ओलांडला की फार दूर नाही. तेवढा भ्रमणध्वनी मात्र बंद ठेवावा लागेल.